तूरान खानुमच्या कॅमेऱ्याखाली

मित्रांनो, कॅमेऱ्याचे कौतुक तुम्ही खूप ऐकले असेल. त्याच्याखाली कोण उभे असते, हे कोणी विचारले आहे का? मी विचारते, कारण तिथे मी असते. मी एक जुनी लाकडी तिपाई आहे. गिलानच्या जंगलातले माझे लाकूड, तेहरानच्या एका सुताराचे हात आणि टोकांना लोखंडी खिळे. सुताराने मला उभी केली, वर स्वतः रेलून पाहिले आणि म्हणाला, "ही मालकापेक्षा जास्त टिकेल." तेव्हा मला आनंद झाला होता. पुढे कसला मालक भेटणार आहे हे ठाऊक असते, तर झाला नसता.

सुरुवातीला मी एका स्टुडिओत होते. सपाट फरशी, डोक्यावर छप्पर, नाचगाण्याचे चित्रपट. सुखाचे दिवस! मग स्टुडिओ बंद पडला आणि तिथे मदतनीस असलेल्या तूरान कोहनदेल नावाच्या हट्टी मुलीने मला उचलून घरी नेले. तिला चित्रपट काढायचा होता. नाचगाण्याचा नाही. पाणी आटल्यामुळे ओस पडत चाललेल्या एका गावाचा.

ते गाव म्हणजे वाळवंटाच्या काठचे सरेआब. माझ्या सांध्यासांध्यात तिथली वाळू शिरली. चित्रपटात नट नव्हते, गावचीच माणसे होती. मुख्य भूमिका होती बीबी गौहरची. ही बाई गावाची रोटीची भट्टी चालवायची आणि तोंडही भट्टीसारखेच गरम. तूरानने तिला अंगण झाडायला सांगितले. एकदा झाडून झाले, दोनदा झाले, सकाळ संपत आली तरी तूरानचे "पुन्हा" काही संपेना. कधी सावली चुकली, कधी धूळच कमी उडाली.

शेवटी बीबीने खराटा टेकवला आणि म्हणाली, "पोरी, माझ्या लग्नातसुद्धा हे अंगण इतकं झाडलं नव्हतं. आता धूळ हवी असेल तर तुझ्या घरून आण."

ध्वनिमुद्रक अर्दलान आगा हसत सुटला. तूरान मात्र ढगाची वाट बघत बसली, आणि तिच्याबरोबर मीही. वाट बघणे म्हणजे काय असते, ते त्या बाईने मला शिकवले. शिकायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

चित्रपट पूर्ण झाला, परदेशी गेला आणि तिथे त्याला मोठे बक्षीस मिळाले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे. कॅमेरा कोणता, भिंग कोणते, सगळे विचारून झाले. तिपाईबद्दल कोणी ब्र काढला नाही. तूरान खानुम, म्हणजे आपली तूरानबाई, जगप्रसिद्ध झाली.

मायदेशी मात्र चित्रपट दाखवायला सरकारी परवानगी मिळेना. कचेरीतले साहेब अतिशय गोड बोलायचे. "खानुम, तुमची कला थोर आहे. पण गाव एवढं कोरडं कशाला? एखादा झरा दाखवा ना."

तूरान म्हणाली, "झरा फुटला की येते."

झाले! तिचा पासपोर्ट जप्त झाला, पुढचे चित्रपट अडले आणि मी दारामागे उभी राहिले. कोळ्यांनी माझ्या पायांत संसार थाटले.

या सगळ्यात सरेआबहून निरोप यायचे. कोणी तेहरानला आले की बीबी त्याच्याबरोबर सुकी तुती पाठवायची आणि विचारायची, चित्रपट कधी दाखवणार? तूरान तुती खायची आणि सांगायची, परवानगी मिळू दे, यझ्द शहरातल्या मोठ्या थिएटरात पहिल्या रांगेत बसवून दाखवते. वर्षामागून वर्षे गेली. दारामागे उभ्या उभ्या मला ओरडावेसे वाटे, अगं बाई, तिला थिएटर नको आहे, चित्रपट हवा आहे!

मग एक निरोप आला. बीबीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दिसेनासे झाले होते. तिने सांगून पाठवले होते, "साऱ्या जगानं माझं तोंड पाहिलं. मी कधी पाहू? मेल्यावर?"

त्या दिवशी तूरानने तुती खाल्ली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने मला झटकले आणि अर्दलान आगाला बोलावले. विनापरवानगी चित्रपट दाखवणे अंगाशी येऊ शकते, असे तो म्हणाला आणि गाडी काढायला गेला.

गावात पाण्याचे एक जुने घुमटाखालचे तळघर होते, आता कोरडे. भरदुपारीही आत अंधार असायचा. तिथे चादर टांगली. मला कॅमेऱ्याऐवजी प्रोजेक्टर पेलावा लागला, तो दुप्पट जड. बीबीला हात धरून पायऱ्या उतरवल्या. तिला चादरीवर फक्त उजेड हलताना दिसत होता. शेजारची सून कानाशी सांगत होती, आता तू पीठ मळतेस, आता तू भावाच्या दारावर थाप मारतेस. भाऊ गाव सोडून गेलेला असतो, दार उघडत नाही आणि चित्रपट तिथेच संपतो. याच शेवटावर परदेशात पानेच्या पाने लिहून आली होती.

दिवा लागला. बीबीने विचारले, "कोणी उघडलंच नाही?"

"नाही, बीबी. शेवट तोच आहे," तूरान म्हणाली.

"म्हणजे इतकी वर्षं तू मला दारातच उभी ठेवलीस?"

तूरान पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसली.

"उद्या सकाळी माझ्या दारावर तू थाप मार," बीबी म्हणाली. "कसं उघडतात ते दाखवते."

सकाळी अर्दलान आगाने अंगणात मला रोवले आणि कॅमेरा सुरू केला. तूरानने बाहेरून थाप मारली. बीबी चाचपडत गेली, दार उघडले आणि तिचा चेहरा दोन्ही हातांनी पाहिला. "एवढी म्हातारी झालीस होय? आत ये, चहा निवतोय."

तूरान "पुन्हा" म्हणाली नाही. ती जोडे काढून आत गेली.

पुढे काय झाले ऐका. वर्षभराने कचेरीतून बोलावणे आले. साहेब म्हणाले, शेवट फार उदास आहे, दार उघडल्याचे एखादे दृश्य जोडा, परवानगी देतो. नेमके तेच दृश्य तिच्या कपाटात होते! आणि ही बाई काय म्हणाली? "ते दृश्य बीबीचं आहे. तुमच्यासाठी नाही."

चित्रपट आजही डब्यातच आहे. दृश्याची प्रत मात्र तिने सरेआबला नेऊन दिली. अर्दलान आगा म्हणतो, तिने बरोबर केले. मला अजून पटलेले नाही. गावोगाव लोकांनी बीबीला पाहिले असते की! पण मला विचारतो कोण?

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिच्या सांध्यांना अधूनमधून तेल द्या. आणि कोणाचे चित्र काढलेत तर जगाआधी त्याला दाखवा. त्याचे डोळे शाबूत आहेत तोवर दाखवा. मी सरळ उभी राहू शकते, पण कोणाचा हात धरून त्याला वेळेवर नेऊ शकत नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.