मखराच्या सामानाचे तीन खोके

ये, बस इथं. पाय वर घे, लादी ओली आहे. तुला एक गोष्ट सांगतो, आणि तुलाच का सांगतो ते शेवटी कळेल. तू राहतोस टेकडीखालच्या टॉवरात. तुझ्या दाराबाहेर बुटांचं लाकडी कपाट आहे, त्याला कुलूप आहे. असल्याच माणसाच्या कानावर घालायची गोष्ट आहे ही.

आमच्या चाळीतला सौरभ तुला माहितीये. असल्फ्याच्या टेकडीवर, नळाच्या वरच्या पायऱ्यांवरची खोली. पवईला कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. घरात तो आणि त्याची आई शेवंतीबाई, दोघंच. बाप गिरणीवाला, तो गेला. मोठी बहीण लग्न होऊन कणकवलीला.

तर ह्या सौरभने जन्मात कधी स्वतःच्या मापाचा बूट घातला नव्हता. चुलत भाऊ जयवंत मोठा, आणि पाय म्हणजे काय, होडीच! त्याचे जुने बूट ह्याला यायचे. पुढे पेपराचा बोळा कोंबायचा आणि चालायला लागायचं. बोळा भिजला की ह्याची चाल बदकासारखी. पुढे कमवायला लागला तरी दुकानात जाऊन काय सांगायचा? "नऊ नंबर." सवय रे. पायात बूट हलला नाही तर त्याला वाटायचं, आपण काहीतरी चुकीचं घातलंय.

कंपनीत त्याला भेटला सम्यक. विक्रोळीचा पोरगा, बुटांचं वेड. घरी खोके रचून ठेवलेत, जसे आपण गहू-तांदूळ ठेवतो. त्याने सौरभच्या डोक्यात किडा सोडला.

"कलेक्शन कर," बोलला. "तीनपासून सुरुवात. पहिला पांढरा. लग्नाला चालतो, मयतालाही चालतो. दुसरा मातकट घे, जो मुंबईच्या धुळीला आधीच शरण गेलाय. तिसरा कोणाला विचारून घ्यायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मलापण विचारायचं नाही, येड्या."

बोनस आला तसे दोघं मेट्रोत बसून अंधेरीला गेले. पहिल्या मजल्यावरचं छोटं दुकान, एसी असा की दात वाजतील. तिथली पोरगी, जान्हवी, तिने सौरभचा पाय लोखंडी पट्टीवर ठेवला आणि बोलली, "आठ."

"नऊ," सौरभ बोलला.

"सर, आठ."

"अहो ताई, माझा पाय मला माहीत नाही का?"

सम्यक हसून हसून बाकावर आडवा. पोरीने गुपचूप आठ नंबरचा पांढरा आणून पायात चढवला. आणि सौरभ उभा राहिला, दोन पावलं गेला, परत आला. टाच जागेवर, बोटं जागेवर, कुठं काही हलत नाही. दारात कडी लागावी तसा पाय आत बसला. तिशी उलटलेला माणूस, आरशासमोर मान खाली घालून उभा. सम्यकने हसणं बंद केलं.

पांढरा घेतला. मातकट घेतला. तिसऱ्याला मात्र त्याने दुकान पालथं घातलं. लाल घालून बघितला, बोलला बँडवाला वाटतो. निळा शाळेतला वाटला. शेवटी खालच्या फळीवर एक हिरवा दिसला. गावच्या विहिरीच्या पायरीवर शेवाळ असतं ना, तो हिरवा. आणि लेस अळूच्या देठासारखी जांभळट.

"हा," बोलला.

"हा?" सम्यकने तोंड वाकडं केलं.

"तुला विचारायचं नव्हतं ना?"

इथपर्यंत झकास. वाट लागली ती उंबऱ्यावर.

शेवंतीबाईचा नियम तुला ठाऊक नसेल. पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. नवं असो, जुनं असो, राजाचं असो. आणि बाहेर ठेवायची सोय नाही. दिवाळीला सौरभने बूट घेतले होते, सकाळी उठून बघतो तर बूट गायब. चोर इतका सभ्य, आतले मोजे काढून दांडीवर वाळत घालून गेला. तेव्हापासून सौरभ रबरी स्लिपरवरच ऑफिसला जायचा.

तर हा तीन खोके काखेत मारून दारात. आतून आई.

"काय रे ह्या? कसले खोके?"

आता सरळ सांगायचं ना! पण आठ नंबरचे बूट परत बाहेर ठेवायचे, ह्या भीतीने पोराची जीभ घसरली.

"मखराचं सामान आहे, आये. गणपतीसाठी."

म्हातारीचा चेहरा असा फुलला, की विचारू नको. बाप गेल्यापासून ह्या पोराने मखराला साधी टाचणी लावली नव्हती.

"माझो झील शाणो झालो गे बाये!" ती शेजारणीला ऐकू जाईल अशी बोलली. खोके घेतले आणि ठेवले कुठं? देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर. वर हळदकुंकवाचं बोट, त्यावर जास्वंदीचं फूल. "गणपती येयसर कोणी हात लावूचो नाय!"

अडकला रे बाबा. पुरता अडकला.

दहा बाय बाराची खोली. माणूस कुठंही बसला तरी फळी समोरच. जेवायला बसला, खोके समोर. आडवा झाला, खोके उशाला. रोज दिवेलागणीला आई देवाला उदबत्ती ओवाळायची, मग खोक्यांना ओवाळायची, आणि हा हात जोडून उभा. कोणाला हात जोडतोय? बुटांना! मनात गणपतीची माफी मागायचा आणि मग माफी मागताना पण नजर हिरव्याच्या खोक्यावर जायची.

गुपचूप बूट काढून आत खरं सामान भरावं, तर आई घर सोडेल तर ना! तिचे गुडघे गेलेले, पायऱ्या उतरत नाही. ती घरात अडकलेली, म्हणून हापण अडकलेला. एकदा बोलला, "आये, चल तुला डॉक्टरकडे नेतो." ती बोलली, "माका काय झाला हा? तुका काय झाला ता बोल."

गणपती जवळ आले. घराघरांत थर्माकोल नाही, पुठ्ठा चालतो, ह्यावरून भांडणं. शेवंतीबाईने पाट धुऊन उन्हात ठेवला. "रविवारी खोके उघडूया," बोलली. सौरभचं जेवण सुटलं. खरं बोलावं तर आई बोलणार, मेल्या, देवाच्या शेजारी चपला ठेवलंस! तोंड बघणार नाही माझं. खोटं चालू ठेवावं तर रविवारी मखराच्या जागी काय, लेस लावणार?

आणि शनिवारी सम्यक आला. त्याची बहीण संघमित्रा, तिच्या लग्नाची पत्रिका द्यायला. पायऱ्या चढून धापा टाकत आत आला, पाणी प्यायला, आणि नजर गेली फळीवर. तीन खोके. कुंकू. फूल.

"साल्या!" तो किंचाळला. "मी कलेक्शन कर बोललो होतो, देवस्थान काढ बोललो नव्हतो! बूट पुजतोस?"

बाजूच्या घरात कुकरने शिट्टी मारली.

शेवंतीबाईने तांदूळ निवडायचं थांबवलं नाही. "तेच्यात काय हा, सौरभा?"

"बूट, आये." आवाज असा की जणू बूट गिळलाय.

"माका म्हायत हा."

"काय?"

"रबराचो वास पयल्याच दिवशी इलो माका. नाक हा मरे माका. म्हटलंय आज बोलतलो, उद्या बोलतलो. म्हणान देवाच्या बाजूक ठेवलंय. माका नाय तर देवाक भियान तरी बोलतलो!"

"आणि कुंकू?"

"कुंकू खोक्याक लावलंय. बुटाक नाय."

सम्यक बोलला, "काकी, तुम्ही लय डेंजर."

मग तिने फळीवरून हिरव्याचा खोका मागितला. बूट बाहेर काढला, उलटा केला, तळव्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. स्वच्छ. सौरभ पोलीस चौकीत बसावा तसा बसलेला.

"हेका माती लागली नाय," ती बोलली. "माती लागली नाय तवसर हो बूट न्हंय, ही वस्तू. ऱ्हवांदे घरात. पण एकदा जमनीक लागलो, काय उंबऱ्याभायर. मगे माझ्या घरात आणूक नको."

सौरभने आधी आईचे पाय धरले. मग त्याला समजलं, काय झालं ते. घालायचे नाहीत, तर बूट घरात सुखी. घातले, की बाहेर. बाहेर ठेवले, की तो मोजे वाळत घालणारा सभ्य माणूस हजर.

सम्यक खांद्यावर थाप मारून बोलला, "खरे शौकीन असेच ठेवतात रे, न घालता. तू एकदम वरच्या लेव्हलला गेलास."

"मला चालायचंय रे," सौरभ बोलला. एवढंच.

आता रोज कामावरून आला की पाय धुतो, पुसतो, आणि हिरवे बूट घालून पलंगावर उभा राहतो. लादी म्हणजे जमीन, पलंग म्हणजे जमीन नाही, हा निकालपण आईचाच. उशापासून पायथ्यापर्यंत तीन पावलं, वळायचं, परत तीन. ताठ उभा राहिला तर डोकं माळ्याला लागतं, म्हणून मान वाकडी. परवा मी साखर मागायला गेलो तर हा तसाच उभा, खाली शेवंतीबाई भाजी चिरत होती. बोलला, "काका, बघा ना, अजिबात हलत नाही पायात." मला हसू आलं, आणि मग साखर मागायची राहूनच गेली.

संघमित्राचं लग्न आहे रविवारी, गणपती गेल्यावर. सौरभने सम्यकला शब्द दिलाय, हिरवे घालून येणार.

म्हणून तुला इथं बोलावलंय. तुझ्या त्या कपाटात एक खण रिकामा कर. पोरगा स्लिपरवर खाली येईल, तुझ्या दारात बूट घालेल, जाईल, परत आला की पुसून तिथंच ठेवेल, आणि स्लिपरवर वर येईल. तुला त्रास नाही. तुझा पाय दहा नंबरचा, म्हणजे तुझी नियत फिरली तरी तुझ्या पायात ते जायचे नाहीत. दे ना रे, एक खण. आणि चावीची एक कॉपी.