टपालवाल्याचा उजवा पाय

मी एका टपालवाल्याचा उजवा पाय बोलतोय. दचकू नका. हाडामांसाचा नाही, लाकडाचा. ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात, तो फर्मा.

या टपालवाल्याचा पाय लहानपणी मोडला आणि वाकडाच सांधला. अंगठ्याच्या मुळाशी गोटीएवढं हाड वर आलेलं, टाच आत वळलेली. बाजारातला बूट घातला की दुपारपर्यंत फोड. आणि काम तर दिवसभर चालायचं. म्हणून तो थोरल्याकडे आला. थोरला म्हणजे दुकानातल्या दोन भावांतला मोठा. त्याने त्याला कागदावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली, हाड बोटांनी चाचपलं आणि मला कोरलं. नंबर टाकला नाही. तळव्यावर लिहिलं, ‘टपालवाला, उजवा’. डावा पाय त्याचा सरळ होता, त्याचा बूट नेहमीच्या सात नंबरच्या फर्म्यावर निघायचा.

हा सात नंबर फळीवर माझ्या शेजारी. शेकडो पायांचे बूट त्याच्यावर झाले. रोज खाली उतरायचा आणि परत आला की शेखी मिरवायचा. मी दीड वर्षातून एकदा उतरायचो. बाकी धूळ. एका माणसापुरतं जन्माला आलं की असंच असतं. रडत नाही, सांगतोय.

थोरला असले अडलेले पायच घ्यायचा. धाकट्याचं उलट. त्याने छत्र्या दुरुस्त केल्या, बॅगांना चेनी बसवल्या, किल्ल्या कापल्या, मधे दोन वर्षं लोकांची घरंही रंगवली. दोघे पाठीला पाठ लावून बसायचे आणि भांडायचे.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” थोरला म्हणायचा.

“आणि तुझी एकच चिंधी, दादा. तीही विरत आली. या महिन्यात वाकडे पाय किती आले, सांग.”

“दोन.”

“मग काय, लोकांचे पाय मोडायला बाहेर जाऊ का मी?”

थोरला तोंडावर हसू आणायचा नाही. पण टाका घालताना त्याचा खांदा हलायचा. ते फळीवरून मलाच दिसायचं.

मग थोरला गेला. धाकट्याने आठवडाभर दुकान बंद ठेवलं आणि उघडलं तेव्हा फळीच उतरवली. तिथे मोबाइलची कव्हरं लागली. नंबरवाले फर्मे एका कारखान्याने नेले. मला कोण नेणार? दार आपटू नये म्हणून मला दाराशी टेकवलं. खिळा ठोकायचा तर हातोडी मी, कागद उडाले तर वजन मी. उभा जन्म एकच काम केलं आणि म्हातारपणी दहा शिकलो. कौतुक कुणी केलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी टपालवाला आला. रिटायर झालेला, हातात काठी, उजव्या बुटाचा तळ उसवलेला.

“दादा आहेत का?”

“दादा गेले, काका. दोन वर्षं झाली.”

त्याने काठी उसवलेल्या बुटाला टेकवली. “हा बूट संपला की मी घरातच,” म्हणाला. “बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंती आहेत. बागेपर्यंत चालतो, तर दोन माणसं भेटतात.”

“बाजारात मऊ बूट मिळतात आता. तेच घ्या. हे माझं काम नाही.”

“बरं.”

वळताना त्याची काठी मला लागली. त्याने खाली पाहिलंही. ओळखलं नाही. स्वतःचा पाय कुणी नीट बघतं का कधी?

दुपारी धाकट्याने खिळा ठोकायला मला उचललं आणि तळव्यावरची अक्षरं वाचली. दादाचं अक्षर. खिळा राहिला तसाच. कोपऱ्यापर्यंत धावला, रिकाम्या हाताने परत आला.

मग बसला बूट करायला. चार वेळा चामडं फुकट गेलं. वीस वर्षं पाठ करून बसलेल्याला भावाचे हात काय दिसणार? पाचव्यांदा जमलं. म्हाताऱ्याला नाडी बांधायला वाकता येत नसेल, म्हणून बाजूला बॅगेची चेन बसवली. हे थोरल्याला सात जन्मांत सुचलं नसतं. दोघे समोरासमोर बसले असते तर काय काय झालं असतं, कोण जाणे. बसले नाहीत. डावा बूट बाजारातून आणला, रंग नीट जुळत नाही.

पण द्यायचा कुणाला? सगळ्या गल्ल्यांचे पत्ते ज्याला पाठ, त्याचा पत्ता या दुकानात कुणी लिहून ठेवला नव्हता. थोरला माणसं पायावरून ओळखायचा. टपाल कचेरीत सगळे नवे. बागेत धाकटा पंधरा सकाळी जाऊन बसला. कुणी आलं नाही.

एक धरावं की दहा धरावीत, ते मला विचारू नका. मी लाकूड आहे. बूट माझ्यावरच चढवलेला आहे, मी आत अंधारात. बाहेर काठी वाजली की धाकट्याचा हात थांबतो, तेवढं कळतं.

उजवा पाय ओढत चालणारा म्हातारा कुठे दिसला, किंवा कुठल्या खिडकीत बसलेला दिसला, तर हाक मारा. नाव मला ठाऊक नाही. टपालवाला म्हणा, बघेल. सांगा, बूट तयार आहे. वाकावं लागणार नाही.