मोकळ्या जागेला वळसा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुजबूज नको. रॉयस हॅस्क्यूवर माझं प्रेम होतं. शेहेचाळीस वर्षांच्या बाईचं असू नये इतकं होतं. जूनच्या दुसऱ्या शनिवारी आमचं लग्न ठरलं होतं, केक सांगून झाला होता, आणि माझ्या पार्लरमध्ये येणारी प्रत्येक बाई डोकं बेसिनमध्ये असतानासुद्धा विचारायची, "व्हर्लीन, पांढरा ड्रेस घालणार का गं या वयात?" मी म्हणायची, "लालभडक घालणार. गप्प बस, डोळ्यांत शाम्पू जाईल."

रॉयस विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी माझा पंप बंद पडला तेव्हा आला, तासाभरात चालू करून दिला. पुढच्या आठवड्यात पंप नीट चालतोय ना, ते बघायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. पंप ठणठणीत होता. तो काही बोलला नाही आणि मीही बोलले नाही, फक्त बर्फ घातलेल्या गोड चहाचा जग मोठा केला. त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. कुत्र्यालासुद्धा तो "जरा सरकतोस का बाबा" असं म्हणायचा.

त्याची पहिली बायको वायनेल. पहिलीपासूनची माझी मैत्रीण. अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, रॉयसच्या आईला पुरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती गाव सोडून गेली. तिची गाडी मेरिडियन शहराच्या बसस्टँडवर सापडली, दारं बंद, चावी सीटखाली. शेरीफनं दोन-चार दिवस विचारपूस केली आणि सोडून दिलं, कारण वायनेलला हे गाव नको झालं होतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्याच खुर्चीत बसून ती शंभरदा म्हणाली असेल, "इथं जीव गुदमरतो गं माझा." पुढं कोर्टानं रॉयसला काडीमोड दिला. आणि मी? मी अकरा वर्षं तिला शिव्या घातल्या. एक फोन नाही, एक ओळ नाही. मला! जिच्याबरोबर एका ताटात जेवली, त्या मला! तिची आई, नदीन टल काकू, दर महिन्याला माझ्याकडे केस सेट करायला येत राहिल्या. माझं लग्न ठरल्यावरही आल्या. फक्त त्या विषयावर बोलायच्या नाहीत, आणि मीही नाही.

मे महिन्यातला पहिला रविवार म्हणजे आमचा कबरी सजवायचा दिवस. शनिवारी सगळं गाव फावडी घेऊन येतं. आमच्याकडे कबरीवर गवताचं पातं ठेवत नाहीत. वाळू खरवडून, वर उंचवटा करून, झाडून लख्ख करतात. रविवारी फुलं, प्रवचन आणि मग ओकच्या झाडांखाली लांबलचक टेबलांवर जेवण. आणि एक गोष्ट इथल्या पोराला चालायच्या आधी शिकवतात, की कबरीवर पाय द्यायचा नाही. माझी आजी बारीक फोक घेऊनच उभी असायची. चुकून पाय पडला की पोटरीवर सट्ट. त्यामुळं डोळे बांधून सोडलंत तरी आमच्यातला कोणीही ते कबरस्तान पार करेल. मी तर नक्कीच. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं तिथं खड्डे खणले आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. कोण कुठं आहे ते मला माझ्या कपाटापेक्षा जास्त पाठ आहे.

त्या रविवारी रॉयसची गाडी पलीकडच्या अंगाला लावली होती. चिकन आणि पिठाच्या गोळ्यांचं भलंमोठं पातेलं छातीशी धरून तो पुढं, मक्याच्या पावाचा ट्रे घेऊन मी मागं. पातेलं एवढं, की त्याला स्वतःचे पाय दिसणं शक्य नव्हतं. आम्ही हॅस्क्यूंच्या रांगेतून निघालो. रॉयसच्या आईची कबर रांगेत शेवटची, तिच्या पलीकडं कुंपणापर्यंत नुसतं गवत. तिथून टेबलांकडं सरळ रस्ता. रॉयस गप्पा मारत चालला होता, यंदा मासे गळाला लागत नाहीत वगैरे. आईच्या कबरीच्या कडेनं वळला, आणि मग त्या मोकळ्या गवताशी येऊन उजवीकडं सरकला. चार पावलं कुंपणाला धरून चालला. मग पुन्हा डावीकडं येऊन सरळ निघाला. गप्पा एका अक्षरानंही थांबल्या नाहीत.

मी जागीच उभी राहिले. गवताकडं पाहिलं. कोरडं होतं, सपाट होतं. मुंग्यांचं वारूळसुद्धा नव्हतं.

"साप होता का रे?" मी विचारलं.

"कुठं?"

"मग वळसा कशाला घातलास?"

"कसला वळसा?" तो मागं वळून हसला. "चल गं, पातेलं जड आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. आणि आमच्यातल्या कोणाचे पाय नकळत वळसा घालतात ते एकाच गोष्टीला, कबरीला.

जेवायला बसले, पण घास उतरेना. समोर ओझेला आत्या बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, कानानं जड आणि जिभेनं तिखट. "का गं, लग्नाआधीच उपास? त्या ड्रेसात मावायचं नाही वाटतं?" सगळी हसली. मीही हसले. डोक्यात मात्र एकच घोळत होतं. रॉयसच्या आईचा खड्डा वडिलांनी खणला तेव्हा मी हजर होते. माती त्यांनी त्याच बाजूला टाकली होती, कुंपणाकडं. नंतर कित्येक महिने तिथं उकरल्यासारखं दिसायचं, आणि दिसणारच, नव्या कबरीची माती पडली होती ना तिथं! कोण कशाला दुसऱ्यांदा बघेल? आणि तिसऱ्या दिवशी वायनेल गेली.

मग मी स्वतःलाच झापलं. काय भवाने, चांगला माणूस मिळाला तर पचत नाही का तुला? त्याच्या चार पावलांवरून त्याला खुनी ठरवतेस? उद्या तो शिंकला तर काय फाशी देशील? मला ते खोटं ठरवायचं होतं. जीव तोडून खोटं ठरवायचं होतं. म्हणून मी फोन काढला आणि म्हणाले, "रॉयस, चल, तुझ्या आईजवळ एक फोटो काढू. लग्नाच्या आल्बममध्ये लावू."

तो खुशीत आला. टोपी काढून आईच्या दगडापाशी उभा राहिला. बाकी सगळी टेबलांवर होती. जवळात जवळ ओझेला आत्या, आणि तिला तोफ उडाली तरी ऐकू गेलं नसतं.

"जरा डावीकडं हो. दगडावरचं नाव झाकतोयस."

तो अर्धं पाऊल सरकला.

"अजून थोडा."

"एवढं पुरे की."

"अरे, एक पाऊल! सावली पडतेय तोंडावर."

त्यानं खाली पाहिलं. त्याच्या बुटाची कड आणि ते गवत यांच्यात बोटभर अंतर होतं. तो हसत होता, पण पाऊल हलेना. आता त्याचं त्यालाही कळत होतं की पाऊल हलत नाहीये. "ऊन डोळ्यांवर येतंय तिथं," तो म्हणाला.

"बरं, मग मी उभी राहते, तू काढ," असं म्हणून मी गेले आणि त्या मोकळ्या जागेच्या मधोमध दोन्ही पाय रोवून उभी राहिले.

"पाय काढ तिथून."

आवाज चढला नव्हता. पण तो माझ्या रॉयसचा आवाज नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्यानंतर आम्हा दोघांनाही एकमेकांपासून लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तो आला, माझं कोपर धरलं, आणि मला हळूच त्या जागेवरून बाजूला घेतलं. "ऊन लागलंय तुला," तो म्हणाला. "चल, घरी जाऊ."

माझी गाडी घरी होती. मी त्याच्याबरोबर आले होते. माझं घर तिथून अकरा मैल, आणि त्यातला सात मैल रस्ता नदीकाठचा. त्यावर एक घर नाही.

"नावं वाचायची आहेत मला," मी म्हणाले. आमच्याकडं जेवणानंतर तिथं पुरलेल्या सगळ्यांची नावं रांगेरांगेनं वाचतात. वडील वाचायचे, ते गेल्यापासून मी वाचते.

"दुसरं कोणी वाचेल."

"मी नाही वाचली तर ओझेला आत्या गावभर बोंब मारेल, व्हर्लीन कुठं गेली म्हणून."

त्यानं विचार केला. कोपर सोडलं नाही. "बरं, वाच," तो म्हणाला. "मग लगेच निघू. आणि व्हर्लीन, जूनपर्यंत कशाला थांबायचं? आजच रात्री मेरिडियनला जाऊन लग्न करू. दोघंच. कोणाला सांगायचं नाही." त्याचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. "तुझ्याशिवाय मला कोणी नाही गं."

आता मला हसा नाहीतर थुंका, पण क्षणभर माझ्या मनात आलं, हो म्हणावं. काय बघितलंस तू? गवत बघितलंस. दोन वर्षांत या माणसानं तुला एक उणा शब्द बोललेला नाही. डोळे मीट आणि गाडीत बस. मग त्याचा अंगठा माझ्या कोपराच्या हाडावर आणखी दाबला गेला, आणि वायनेल माझ्याकडं उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे ब्लाउज घालून यायची ते मला आठवलं. मी तिला चिडवायची, "कोणासाठी नटतेस गं एवढी?" आग लागो माझ्या तोंडाला.

सगळी बाकांवर बसली. पाद्री ब्रदर कॅल्व्हिननं प्रार्थना म्हटली आणि वही माझ्या हातात दिली. नाव वाचलं की त्या माणसाचं जे कोणी हयात असेल ते उठून उभं राहतं आणि शेवटपर्यंत उभंच राहतं. मी वाचत गेले. माणसं उठत गेली. हॅस्क्यूंची रांग आली. आजोबा एमस. आजी लुडी. वडील लेलंड. रॉयस उठला, टोपी छातीशी धरून. नजर माझ्यावरून हटत नव्हती. शेरीफचा मदतनीस डब पेट पुढच्या बाकावर पीचच्या गोड पाईची बशी मांडीवर घेऊन बसला होता. रॉयसची आई, मर्टिस.

पुढची ओळ इंग्रम घराण्याची होती. माझं बोट तिच्यावर होतं. ती वाचली असती, तर तासाभरानं मी नदीच्या रस्त्यावर असते. मी वही मिटली.

"वायनेल टल हॅस्क्यू," मी म्हणाले. "मर्टिसच्या शेजारी. कुंपणाच्या अंगाला."

कोणी तरी "काय?" म्हणालं. ओझेला आत्यानं मोठ्यानं विचारलं, "कोणाचं नाव घेतलं?"

मागच्या बाकावर नदीन टल काकू उठल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि लेकीचं नाव वाचल्यावर आईनं जसं उभं राहायचं तशा उभ्या राहिल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि मग रॉयसकडं.

रॉयस खाली बसला. टोपी हातातून पडली, ती त्यानं उचललीसुद्धा नाही. डब पेटनं बशी बाकावर ठेवली.

माणसांनी शेरीफची वाट बघितली, पण फावडी कालचीच तिथं होती आणि ती हातात घेऊनच सगळी उभी राहिली. शेरीफ आला, खणलं, आणि दिवस मावळायच्या आत वायनेल सापडली. पूर्ण खोल खणून पुरलेली, पाय पूर्वेकडं, तिच्या स्वतःच्या रजईत गुंडाळलेली. रीत पाळली होती त्यानं, सगळी पाळली होती. अकरा वर्षं दर मे महिन्यात मी तिच्यापासून तीस पावलांवर बसून चिकन खाल्लं आणि मनातल्या मनात म्हटलं, गेलीस ना मला टाकून, मर तिकडंच.

त्याला नेलं तेव्हा मी आणि टल काकू फाटकापाशी उभ्या होतो. त्याला आमच्या अगदी जवळून नेलं. त्यानं मान खाली घातली होती, हात मागं बांधलेले, आणि शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. मी केली नव्हती नीट सकाळी, घाईत राहून गेलं होतं. आणि देवाशपथ सांगते, माझा हात उचलला गेला, ती कॉलर सरळ करायला.

टल काकूंनी तो हात वरच्या वर धरला. खाली घेतला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही.