आज कुणी नाही

शाळेचं अंगण झाडून झालं की मी घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर सात टोले द्यायचे. पूर्वी पाचव्या टोल्याला पोरं धुळीचा लोट उठवत पळत यायची. आता सातही टोले संपायचे, आणि मग टेकाडावरून एकटी टिटवी यायची, स्वतःशीच बडबडत.

टिटवी हे तिचं नाव नव्हे, मी ठेवलेलं. कांदे काढणाऱ्या मजूर बाईची ही पोर चौथीत होती आणि तोंड म्हणून तिचं बंद नसायचं. आमच्या शाळेत एक गुरुजी, एक मी झाडलोट करणारी मावशी आणि एक टिटवी. गुरुजी "रांगेत उभे राहा" म्हणाले की ती एकटीच उभी राहायची, पण पुढे दोन जणींची जागा सोडून.

"अगं, पुढे सरक की," मी एकदा म्हटलं.

"माझा नंबर तिसरा आहे, मावशी. पुढच्या दोघी आल्या तर?"

त्या कुठल्या येतात! मळेवाल्यांनी मोठ्या रस्त्याला फीची शाळा काढली, पिवळी गाडी ठेवली. आधी बागाईतदारांची पोरं गेली, मग दुकानदाराची. मग ज्यांना झेपत नव्हतं त्यांनीही पोटाला चिमटा घेऊन पाठवली, कारण आमच्या शाळेचं नाव काढलं की लोक नाक मुरडायला लागले होते. गावचा कारभार मळेवाल्यांकडे आणि आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच. त्या पिवळ्या गाडीवर चालक कोण, तर माझा लेक. नोकरीबरोबर मळ्यात खोली मिळाली तेव्हापासून तो तिकडेच राहतो. माझ्या शाळेची पोरं माझ्याच लेकाने गाडीत भरून नेली, मग मी कुणाच्या नावाने बोटं मोडू? घरी गेले की बोलायला चूल तेवढी.

म्हणून टिटवीचा मला लळा लागला. दुपारच्या सुट्टीत तिला खेळायला कुणी नसायचं, तर ती माझी गुरुजी व्हायची. मला पाटीसमोर बसवायची आणि दटावायची, "मावशी, अक्षराचा पाय मोडलाय बघ. पुन्हा काढ." दोन महिने खपून तिने मला सही शिकवली. वाचता काही येत नव्हतं, पण माझं नाव मला काढता यायला लागलं. त्या दिवशी मी पाटी पुसलीच नाही, तशीच घरी नेली.

थंडी सरता सरता आभाळ भरून आलं. मळेवाल्यांचे कांदे अजून जमिनीत होते. पाऊस पडला असता तर सगळा माल सडला असता. संध्याकाळी त्यांचा मुकादम घरोघर फिरला, "उद्या झाडून सगळे हात वावरात पाहिजेत, लहान-मोठे सगळे. जो येणार नाही त्याने पुढे कामाला येऊच नये." टिटवीची आई तिला घेऊन गेली. न जाऊन सांगते कुणाला?

नेमकं त्याच दिवशी गुरुजींना शहरात बैठकीला बोलावलं होतं. मी अंगण झाडलं, सात टोले दिले आणि पायरीवर बसले. पलीकडच्या उतारावर वाकलेल्या बायांच्या रांगेत टिटवीचा लाल फ्रॉक ठिपक्याएवढा दिसत होता. वाऱ्यावर ओल्या मातीचा आणि कांद्याचा वास येत होता.

तेवढ्यात जीप आली. शाळा तपासायला आलेले एक साहेब उतरले आणि मागून मळेवाले.

"आज किती मुलं आली?" साहेबांनी विचारलं.

"आज कुणी नाही, साहेब."

"गुरुजी?"

"ते बैठकीला गेलेत."

साहेबांनी लिहून घेतलं. मळेवाले माझ्याकडे बघून हसले. "मावशी खोटं बोलायच्या नाहीत. चोवीस वर्षं बघतोय."

माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू. साहेब म्हणाले, "इथे अंगठा द्या," आणि त्यांनी शाईची डबी पुढे केली. मी डबी बाजूला सारली.

"मला सही येते."

कागद गुडघ्यावर घेऊन मी सावकाश सही केली, एकाही अक्षराचा पाय मोडू दिला नाही. टिटवीला कधी एकदा सांगते असं झालं होतं मला.

गुरुजींना पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या शाळेवर पाठवलं. जीप येऊन गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी झाडू घेऊन गेले तर दाराला नवं कुलूप आणि वर कागद चिकटवलेला. मी टोले दिले. टिटवी आली, कागद बघून खूश झाली आणि टाचा उंचावून मोठ्याने वाचायला लागली, गुरुजींना धडा म्हणून दाखवावा तशी.

"या शाळेत एकही विद्यार्थी नसल्याने शाळा बंद करण्यात येत आहे."

ती थांबली. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग माझ्याकडे वळली.

"मग मी कोण गं, मावशी?"

ती खाली जोडलेला साहेबांचा तो कागद वाचत गेली आणि बोट ठेवून म्हणाली, "ही बघ तुझी सही. छान आलीय."

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी तशीच मळ्यावर गेले. मळेवाल्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. या माणसाने कधी आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"अहो, मी त्या दिवसापुरतं सांगितलं," मी म्हटलं. "पोर तुमच्याच वावरात होती. आदल्या दिवशी शाळेत होती, दुसऱ्या दिवशी येणार होती. मी त्या 'आज'चं म्हटलं फक्त."

"मावशी, तुम्ही खरं तेच बोललात. आता कागद वर गेला, माझ्या हातात काय राहिलं?" त्यांनी हात झटकले. "खोल्या रिकाम्या ठेवून काय करायचं? खताची पोती ठेवू. झाडायला तुम्हीच या, तुमचं काम जात नाही. आणि पोरीला आमच्या शाळेत घाला, फी अर्धी करतो."

तिथून मी टिटवीच्या घरी गेले. अर्ध्या फीचं नाव काढताच टिटवीच्या आईने डोक्याला हात लावला. "जाऊ दे, मावशी. वाचायला आलं, पुरे झालं. आता हातही चालतो तिचा. माझ्याबरोबर येईल वावरात."

टिटवी कोपऱ्यात बसून होती आणि गप्प होती. तिला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते सोसलं नाही.

"पलीकडच्या गावात शाळा आहे," मी म्हटलं. "मी नेईन, मी आणीन."

"अगं, दीड तासाची वाट. मध्ये ओढा. तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, मी बघते. तू फक्त हो म्हण. आणि मुकादम आला तर तिला न्यायची नाही."

टिटवीच्या आईने कांद्याच्या सालींनी काळे झालेले हात चोळले. मग म्हणाली, "तू असेपर्यंत ने."

खताच्या पोत्यांना मी झाडू लावला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. रात्री पाऊस होऊन गेलेला, काळी माती चपलांना लगदा होऊन चिकटत होती. दर दहा पावलांना पाय झटकावा लागत होता. मोठ्या रस्त्याला लागलो तोच मागून पिवळी गाडी आली. आमच्या पुढे जाऊन थांबली. खिडकीतून माझ्या लेकाने डोकं काढलं. त्याच्या मागे निम्म्या जागा रिकाम्या होत्या.

"आई, हे काय चालवलंयस या वयात? चढ वर, फाट्यावर सोडतो."

मी टिटवीचा हात धरून पायरीपाशी गेले. लेकाने मान खाली घातली.

"तू एकटी. तिचा पास नाही. मालकांना कळलं तर माझी नोकरी जाईल, आई."

खिडकीत दोन पोरी दिसत होत्या, टिटवीच्या पुढच्या, पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या. एकीने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

"जा बाबा, तुला उशीर होईल," मी म्हटलं. लेकावर राग यायला हवा होता, पण आला तो कळवळाच. गाडी गेली. अंगावर चिखलाचे शिंतोडे उडाले. टिटवीने माझ्या लुगड्यावरचे पुसले, मग स्वतःच्या फ्रॉकवरचे. मग आम्ही दोघी ओढ्याकडे वळलो.

पलीकडच्या शाळेत पोहोचलो तेव्हा तिथल्या पोरांची रांग लागलेली. टिटवी रांगेच्या शेवटी गेली. पुढच्या मुलीच्या मागे दोन जणींची जागा सोडून उभी राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन पावलं पुढे सरकली. मी पदर तोंडाला लावला.

तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि वही उघडली.

"तुमच्या गावाहून किती मुलं आली?"

मी कानाला खडा लावलेला होता.

"आज एक आली," मी म्हटलं. "उद्याही येणार, परवाही येणार. एखाद्या दिवशी दिसली नाही तर ती वावरात असेल, नाही असं समजू नका. बाई, हे सगळं लिहा."

बाईंनी खरंच लिहायला घेतलं, चांगल्या दोन ओळी.

"सही करता का?"

"करते. पण आधी तिला बोलवा," मी म्हटलं. "ती वाचून दाखवेल, मग करते."