तुम आणि तुम्ही

"मुझे 'तुम' कहा? 'आप' कहने में ज़बान घिसती है तेरी?" लाजवंती दादींनी हातातली साडी काउंटरवर आपटली.

झालं होतं एवढंच, की अंजनी अदबीने म्हणाली होती, "दादी, तुम बैठो, मैं निकालके देती."

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या या साड्यांच्या दुकानात अंजनी अठरा वर्षं उभी होती. जवळच्या मोरिवलीहून यायची. गिऱ्हाइकाला पाणी विचारल्याशिवाय साडी दाखवायची नाही, हा तिचा नेम. तिच्या हिंदीत 'आप' मात्र नव्हतं. आपण मराठी माणसं 'तुम्ही'चं सरळ 'तुम' करतो आणि वर मान दिला म्हणून खूश होतो! इथे हे खपतं. पण दादी भोपाळहून आल्या होत्या, नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला.

मुकेश सेठ गल्ल्यावरून धावत आला. वडिलांमागे दुकान सांभाळणारा, अंजनीपेक्षा बारा वर्षांनी लहान. "अंजनी, माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नको तू."

 घरात कमावती अंजनी एकटीच. पण उद्धट म्हणवून घेऊन घरी जायची तिची तयारी नव्हती.

"दादी, मन दुखा तो माफ करो," ती म्हणाली. "पर मैंने मान कम नहीं किया. हमारे में छोटे को 'तू', बडे को 'तुम्ही'. मेरा 'तुम' वोच 'तुम्ही' है. सासरे को भी मैं येच बोलती. उसके ऊपर 'आपण' है, पर वो तो लग्नपत्रिका में छापते."

दादींच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "और 'तू' कहे तो बुरा लगता है?"

"लगता है ना," अंजनीच्या तोंडून निघून गेलं. "सेठ अठरा बरस के थे, तब से बोलते. कभी बताया नहीं."

 दादी मुकेशकडे वळल्या. "अपनी सिंधी में बड़ों के लिए 'तव्हां' नहीं है क्या, मुकेश? यह तुझसे बड़ी हैं." मग अंजनीकडे बघून म्हणाल्या, "मैंने भी तू-तड़ाक की. आप माफ़ करना."

मुकेशचे कान लाल झाले. त्याने दादींनी आपटलेली साडी उचलून बाजूला ठेवली. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अंजनीताई, चुकलं माझं. तुम्ही दाखवा ना दादींना."

अंजनीने शालू पुढे ओढला. रोज शंभर साड्या उलगडणाऱ्या त्या बाईला घडी कुठून मोडायची तेच सुचेना.