वेढ्यातली दुपार

नाताळनंतरच्या आठवड्यात, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, निलगिरीच्या झाडांच्या रानातल्या वणव्याने आमच्या किनाऱ्यावरच्या गावाला तिन्ही बाजूंनी घेरलं आणि आम्ही साठेक माणसं सभागृहात अडकलो. रस्ता बंद, फोन बंद, आणि भर दुपारी आकाश काळंतांबडं. दुसऱ्या दिवशी निवृत्त शिक्षिका थेल्माबाई एक प्राचीन महाकाव्य मोठ्याने वाचू लागल्या. मुलं रडायची थांबली, म्हणून कुणी त्यांना अडवलं नाही.

मर्व्ह मात्र दाराशी येरझाऱ्या घालत होता. वीस वर्षं तो गावच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख होता. आता सत्तरीत टेकडीवरचं आपलं घर वाचवायला जाणारच, म्हणून तो बायकोशी, जॉयसशी, भांडत होता.

पुस्तकातल्या शहरालाही वेढा पडला होता. तिथल्या एका योद्ध्याची बायको त्याला विनवत होती की बाहेर लढायला जाऊ नकोस. आपण मरणार हे त्याला ठाऊक होतं, तरी तो निघाला.

"मूर्खच दिसतोय!" मर्व्ह दारातून ओरडला. "ठाऊक होतं, तर गेला कशाला?"

"लोक भित्रा म्हणतील म्हणून," थेल्माबाई म्हणाल्या.

मर्व्हने दार सोडलं. मग जॉयसशेजारी येऊन बसला.

"मला इथे बसलेलं बघून लोक काय म्हणत असतील गं?" त्याने हळूच विचारलं.

"म्हणू देत. सरक जरा, मला टेकू दे."

संध्याकाळी टेकडी पेटली. त्याचं घर जळताना आम्हाला खिडकीतून दिसलं. मर्व्ह ढसाढसा रडला, पण जागचा उठला नाही.