मेसमधला आडवा दोर

मित्रांनो, हा जो वेटोळं घालून पडलाय, तो मी एक जुना, जाडजूड दोर आहे. तरुणपणी वादळात मी एक भरलेलं जहाज धरून ठेवलं होतं. जहाज हललं नाही, बंदर मात्र थोडं सरकलं.

अशा मला अमेरिकेच्या सैन्याने घेतलं आणि महायुद्धाच्या काळात जॉर्जियातल्या एका छावणीत काम दिलं ते कसलं? मेसमध्ये आडवं ताणून राहायचं. माझ्या अलीकडे गोरे शिपाई, पलीकडे काळे. गणवेश एकच, शत्रू एकच, मक्याचा पावही एकाच भट्टीतला. मांजर माझ्याखालून खुशाल जाई, पण रणगाड्याला न भिणारा जवान माझ्यापाशी थांबे. मला तेव्हा फार मोठेपणा वाटे.

पलीकडे बाकं मोजकी. काळे शिपाई पाळीपाळीने बसत. शेवटच्यांची पाळी येण्याआधीच जेवण संपल्याची घंटा होई आणि ते उपाशीच कवायतीला जात. अलीकडची बाकं मात्र रिकामी पडलेली.

मग काळ्या शिपायांच्या तुकडीवर लेफ्टनंट अँब्रोज टॉलिव्हर आले. तेही काळेच. छावणीचा एक रिवाज होता, छावणीचे प्रमुख कर्नलसाहेब यांना त्याचा भारी अभिमान. शेवटचा शिपाई जेवल्याशिवाय अधिकाऱ्याने घास घ्यायचा नाही. गोरे अधिकारी मात्र फक्त अलीकडचे शिपाई मोजत. टॉलिव्हर रिकामी थाळी घेऊन माझ्याशेजारी उभे राहिले. घंटा झाली, थाळी ठेवून ते कवायतीला गेले. मग रोज दुपारी तेच. गाल बसले, कमरपट्ट्याला नवं भोक पडलं, पण हुकूम असा खणखणीत की छपरावरची कबुतरंही डावीकडे वळत.

एक दिवस लुशियस पेटवे नावाचा शिपाई चाकू घेऊन माझ्याकडे आला. "लेफ्टनंटसाहेब, एक झटका देतो. किती दिवस या सुतळीपुढे उभं राहायचं?"

मला सुतळी म्हणाला, मित्रांनो.

"ठेव तो चाकू," टॉलिव्हर म्हणाले. "तू कापलास तर तू तुरुंगात, आणि यांचं गोदाम दोरांनी भरलंय. ज्यांनी बांधला त्यांनीच सोडायला हवा."

"आणि तुम्ही आडवे झालात तर?"

"तर मला उचलून इथेच उभा कर."

शेवटी कर्नलसाहेब आले. मला बांधणारा मेसचा सार्जंट क्रंप कुजबुजला, "साहेब, नाटकं करतोय हा."

"लेफ्टनंट, जेवून घ्या. नाहीतर हुद्दा काढून घेईन."

"जेवतो, साहेब. फक्त सगळ्यांसमोर एवढं सांगा, की आपल्या छावणीत शिपाई उपाशी असताना अधिकाऱ्याने जेवायचं."

गोऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकाने काटा खाली ठेवला. मग शेजारच्याने. कर्नलसाहेबांचे कान बिटासारखे लाल झाले.

"क्रंप, सोड तो दोर."

क्रंपने गाठ जीव तोडून मारली होती, आता तीच सोडवताना नखं मोडली. कोणी हसलं नाही, एक पेटवे सोडून.

सगळे शिपाई मिळेल त्या बाकावर बसले. सगळ्यांत शेवटी पेटवेने थाळी पुसून खाल्ली, तेव्हा कुठे टॉलिव्हर बसले. घेवडा थंडगार झाला होता. त्यांनी शांतपणे मीठ मागितलं.

सिनेमाच्या तंबूत माझा भाऊ अजून ताणलेला होता. दुसऱ्या दिवशी टॉलिव्हर तिकडे गेले.

मित्रांनो, मला ओला ठेवू नका, उन्हात वाळवा. विहिरीला लावा, झोका बांधा, जहाज असलं तर आणा. पण दोन माणसांच्या मध्ये मला ताणू नका. जहाज पेललेला मी, पण एका उपाशी माणसाच्या उभं राहण्यापुढे मला टिकता आलं नाही.